कोस्ता ब्लांका : चाच्यांच्या भीतीपासून जलक्रीडा उद्यानांपर्यंत

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील आलिकान्ते प्रांताच्या दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या समुद्रकाठाला आज ‘कोस्ता ब्लांका’ म्हणजे ‘शुभ्र किनारा’ म्हणतात. ब्रिटन, नेदरलँड्स किंवा खुद्द माद्रिदहून आठवडाभरासाठी येणारे कुटुंब साधारणपणे आलिकान्तेचा सांता बार्बारा किल्ला, ताबार्का बेटाची बोटसफर, वियाहोयोसाची रंगीत घरे, एल्चेची खजुराची बने आणि मुलांच्या हट्टापायी बेनिदोर्ममधील एखादे जलक्रीडा उद्यान एवढे पाहून परतते. एका दमात उरकली जाणारी ही स्थळे एका काळातली नाहीत आणि त्यांतील बरीचशी पर्यटनासाठी निर्माणही झाली नाहीत. ज्या किनाऱ्यावर आज टॉवेल अंथरायला जागा मिळत नाही, त्या किनाऱ्यापासून लोक कित्येक शतके शक्य तितके दूर राहत होते, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय या स्थळांची संगती लागत नाही.

भीती होती ती उत्तर आफ्रिकेच्या बंदरांतून येणाऱ्या चाच्यांची. रात्री किनाऱ्याला लागून गावे लुटायची आणि माणसे पळवून गुलाम म्हणून विकायची किंवा खंडणी घेऊन सोडायची, हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी सोळाव्या शतकात, दुसऱ्या फेलिपेच्या कारकिर्दीत, या किनाऱ्यावर टेहळणीच्या बुरुजांची साखळी उभारली गेली. आज पायवाटांवरून फिरणारी कुटुंबे ज्या पडक्या बुरुजांपाशी छायाचित्रे काढतात, ते हेच. सांता बार्बारा किल्ला त्याहून जुना. बेनाकान्तील टेकडीवर तो मुस्लिम राजवटीत उभा राहिला आणि १२४८ च्या ४ डिसेंबरला, म्हणजे संत बार्बाराच्या सणाच्या दिवशी, कास्तिल या ख्रिस्ती राज्याच्या राजपुत्र आल्फोन्सोने तो जिंकल्यामुळे त्याला हे नाव पडले. एल्चेची खजुराची बनेही त्याच मुस्लिम काळातील पाटपाण्याच्या व्यवस्थेवर वाढली. दोन लाखांच्या आसपास झाडे असलेल्या या बनांना युनेस्कोने २००० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

ताबार्का बेटाची कथा या सगळ्यांत विलक्षण आहे. ट्युनिसियाच्या किनाऱ्यावरील ‘ताबार्का’ नावाच्या दुसऱ्याच एका बेटावर जेनोआची कुटुंबे प्रवाळ काढण्यासाठी राहत होती. अठराव्या शतकात ती गुलामगिरीत सापडली आणि तिसऱ्या कार्लोस राजाने त्यांची सुटका करून १७७० च्या सुमारास त्यांना आलिकान्तेसमोरच्या एका ओसाड बेटावर वसवले. त्यात भूतदया होती, तसा हिशेबही होता, कारण हेच बेट चाच्यांना दबा धरून बसायला सोयीचे पडत असे. तटबंदी, वेशी, चर्च आणि आखीव गल्ल्या अशी सारी रचना लष्करी अभियंत्याने केली आणि जुन्या बेटाचे नाव नव्याला दिले गेले. स्पेनमधील पहिले सागरी राखीव क्षेत्र १९८६ मध्ये याच बेटाभोवती जाहीर झाले. मुले तिथे पोहण्याचा चष्मा लावून मासे पाहतात, ती त्या संरक्षणाची पुण्याई.

भीती ओसरल्यावर समुद्राकडे पाहण्याची दृष्टी पालटली ती आधी औषध म्हणून. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर समुद्रस्नान लिहून देऊ लागले आणि आलिकान्तेच्या पोस्तिगेत पुळणीवर पाण्यात खांब रोवून लाकडी स्नानगृहे उभी राहिली. माद्रिद–आलिकान्ते लोहमार्ग १८५८ मध्ये पूर्ण झाल्याने राजधानी प्रथमच समुद्राला जोडली गेली. शतकाच्या अखेरीस उन्हाळ्यात स्वस्त तिकिटांच्या खास गाड्या सुटू लागल्या. त्यांना लोक ‘बोतिखो गाडी’ म्हणत. बोतिखो म्हणजे पाणी गार ठेवणारी मातीची सुरई. लांबच्या, उकाड्याच्या प्रवासात प्रत्येक कुटुंब ती बरोबर घेई, म्हणून हे नाव पडले. या किनाऱ्यावरील कौटुंबिक सहलीचा आरंभ शोधायचा झाला, तर तो एखाद्या आलिशान हॉटेलात न शोधता या गर्दीच्या डब्यांत शोधावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढे १९१४–१५ मध्ये आलिकान्ते ते देनिया हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला आणि बेनिदोर्मसारखी आडबाजूची गावेही सहलीच्या टप्प्यात आली. त्याच मार्गावरून आज ट्राम धावते.

बेनिदोर्मला १३२५ मध्ये वसाहतीची सनद मिळाली होती, पण चाच्यांच्या हल्ल्यांनी आणि पाण्याच्या टंचाईने ते गाव मूळ धरू शकले नाही. १६६६ मध्ये बेआत्रिस फाहार्दो या जहागीरदारणीने पाट काढून पाणी आणले आणि दुसरी सनद दिली, तेव्हा कुठे वस्ती स्थिरावली. गावाची खरी ख्याती होती ती ‘आल्माद्राबा’ची, म्हणजे ट्यूना माशांच्या वाटेवर समुद्रात नांगरून ठेवलेल्या जाळ्यांच्या चक्रव्यूहाची. या जाळ्यांच्या म्होरक्याला ‘आर्राएस’ म्हणत, आणि हा शब्द अरबी ‘रईस’वरून आला आहे. बेनिदोर्मचे आर्राएस इतके निष्णात मानले जात की इतर किनाऱ्यांवरूनही त्यांना बोलावणे येई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा खालावला आणि तीन हजारांहूनही कमी वस्तीच्या या गावापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला.

१९५० मध्ये पेद्रो सारागोसा हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण महापौर झाला. त्याने बिकिनीला परवानगी दिली, त्यावरून धर्मगुरूंनी त्याला चर्चमधून बहिष्कृत करण्याची धमकी दिली आणि सारागोसा स्कूटरवरून थेट माद्रिदला जाऊन हुकूमशहा फ्रँकोला भेटला, ही कथा बेनिदोर्ममध्ये आवडीने सांगितली जाते. सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील बदलतात आणि तिच्यामुळे त्याचे खरे महत्त्वाचे काम झाकोळून जाते. ते काम म्हणजे १९५६ चा नगररचना आराखडा. मोजकीच घरे असलेल्या, बदाम आणि ऑलिव्हच्या शेतांनी वेढलेल्या गावासाठी रुंद, सरळ रस्ते कागदावर आधीच आखले गेले. मूळ आराखड्यात बागांमधील बैठी घरे अपेक्षित होती. १९६३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन उंचीची मर्यादा उठली. भूखंडावर किती बांधायचे याचे प्रमाण ठरलेले होते, पण ते आडवे पसरायचे की उभे रचायचे, हे मालकावर सोपवले गेले. साहजिकच इमारती सडपातळ आणि उंच झाल्या, आणि त्यांच्या पायथ्याशी तरणतलाव व झाडी यांना जागा उरली. सौंदर्यदृष्टीच्या लोकांनी बेनिदोर्मची कितीही टिंगल केली, तरी शेजारच्या अनेक गावांनी डोंगरउतारांवर मैलोगणती बंगले पसरवून जेवढी जमीन खाल्ली, त्या मानाने हे उभे शहर काटकसरी ठरले, हे नगररचनाकार आता मान्य करतात.

देशाचे धोरणही याच सुमारास वळले. परकीय चलनाच्या तुटवड्याने बेजार झालेल्या फ्रँको राजवटीने १९५९ च्या स्थिरीकरण योजनेत पेसेता या तेव्हाच्या चलनाचे अवमूल्यन केले आणि त्यामुळे उत्तर युरोपातील पगारदार कुटुंबाला स्पेन एकदम स्वस्त पडू लागला. विमानप्रवास, हॉटेल आणि जेवण यांचा एकत्रित दर लावणाऱ्या सहल कंपन्या आल्या. १९५९ मध्येच बेनिदोर्मचा गीतमहोत्सव सुरू झाला आणि १९६८ मध्ये तो जिंकणारा हुलिओ इग्लेसियास हा तरुण पुढे जगभर गाजला. १९६७ मध्ये एल आल्तेत येथे आलिकान्तेचा विमानतळ उघडल्यावर या किनाऱ्याला मागे वळून पाहावे लागले नाही.

अपवाद पाण्याचा. १९७८ च्या दुष्काळात बेनिदोर्मला जहाजांनी पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा टंचाईवर उपाय म्हणून आसपासच्या गावांनी मिळून पाण्याची संयुक्त व्यवस्था उभी केली. शहराचे सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यायचे आणि त्याच्या बदल्यात शेतीच्या वाट्याचे धरणाचे स्वच्छ पाणी शहराने घ्यायचे, असा तिचा गाभा आहे. ग्वादालेस्तचा कड्यावरचा किल्ला पाहायला जाणारे पर्यटक खाली ज्या निळ्याशार तलावाला दाद देतात, तो या व्यवस्थेचा जलाशय आहे.

कौटुंबिक आकर्षणांचे पर्व १९८० च्या दशकात आले आणि त्यामागे चिंताच होती. ऊन आणि वाळू तुर्कस्तान किंवा ट्युनिसियातही मिळत असताना तेच कुटुंब पुन्हा इथेच का यावे, हा प्रश्न हॉटेलवाल्यांना पडला होता. १९८५ मध्ये आक्वालांदिया हे जलक्रीडा उद्यान सुरू झाले. त्याच वर्षी स्पेन सरकारने ज्येष्ठ नागरिकांसाठी सवलतीच्या हिवाळी सहलींची योजना आणली, तिने ओस पडणारी हॉटेले भरू लागली. उन्हाळ्यात नातवंडे आणि हिवाळ्यात आजीआजोबा अशी ही वाटणी अजून टिकून आहे.

यशाने हुरूप वाढला आणि हिशेब चुकला. बेनिदोर्मचे माजी महापौर एदुआर्दो साप्लाना, आलिकान्ते प्रांत ज्यात मोडतो त्या व्हॅलेन्सिया प्रदेशाचे अध्यक्ष असताना, प्रादेशिक सरकार आणि बचत बँका यांच्या पैशांतून, वणव्यात जळालेल्या डोंगरउतारावर टेरा मितिका हे भव्य मनोरंजन उद्यान २००० च्या जुलैमध्ये उघडले. इजिप्त, ग्रीस, रोम, इबेरिया आणि भूमध्य समुद्रातील बेटे अशी त्याची विभागणी होती. अपेक्षेएवढे लोक आले नाहीत, २००४ मध्ये देणी थकून प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर २०१२ मध्ये ते उभारणीच्या खर्चाच्या लहानशा हिश्श्यात विकले गेले. घेणारे होते आक्वालांदियाचे मालक. बेनिदोर्ममधील ४७ मजली इंतेंपो या जुळ्या मनोऱ्याचे कामही आर्थिक मंदीत रखडले. २००७ मध्ये पाया घातलेली ही इमारत २०२१ मध्ये वापरात आली.

निसर्गक्षेत्रांना कायद्याचे कवचही याच काळात मिळाले. काल्पेचा ३३२ मीटर उंचीचा इफाच सुळका १९८७ मध्ये आणि बेनिदोर्मला खेटून असलेली सेर्रा जेलादा कड्यांची रांग २००५ मध्ये नैसर्गिक उद्याने म्हणून जाहीर झाली. सेर्रा जेलादाच्या वाटेवर चाच्यांच्या काळातील एका बुरुजाचे अवशेष आहेत आणि याच रांगेच्या पायथ्याशी आक्वालांदियाच्या घसरगुंड्या आहेत.