शालेय सुरक्षा व हिंसाप्रतिबंध (सोलापूर)

शालेय सुरक्षा : शाळेच्या आवारात, वर्गात तसेच घर ते शाळा या वाटेवर विद्यार्थ्यास शारीरिक, मानसिक वा लैंगिक इजा पोहोचू नये म्हणून अगोदर आखलेली व्यवस्था. बोलण्यात ‘सुरक्षा’ म्हणजे फाटक, शिपाई आणि कॅमेरा, असाच अर्थ घेतला जातो. शिक्षकाची मारहाण, मोठ्या मुलांची दादागिरी किंवा कर्मचाऱ्याचे गैरवर्तन त्यात सहसा मोजले जात नाही. प्रस्तुत नोंदीत या सर्वांचा एकत्र विचार केला आहे. उदाहरणे सोलापूर शहर व जिल्ह्यातील आहेत; येथे माध्यमिक शाळेस ‘प्रशाला’ म्हणण्याचा प्रघात आहे.

या संकल्पनेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तिचा प्रारंभ आपत्तीपासून होतो : १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेला आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली आणि त्या अनुषंगाने दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे याच परंपरेतील होत. सोलापूरकरांच्या स्मरणात मात्र याआधीचा धक्का आहे तो ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा. तो पहाटे झाल्याने शाळा रिकाम्या होत्या, ही बाब इमारतींच्या मजबुतीची चर्चा करताना बहुधा विसरली जाते. दुसरे मत हा धागा छडीच्या विरोधापर्यंत मागे नेते. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ८९ नुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने व सद्‌भावनेने केलेले कृत्य अपराध ठरत नसे, आणि कान पिळणे, ओणवे उभे करणे, कोंबडा करणे या शिक्षांना अशा तरतुदींचा आधार दीर्घकाळ मिळत राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये दिल्लीच्या शालेय शिक्षण नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण आग क्वचित लागते, छडी रोज उठत असे. कलम ८९ मधील तरतूद दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २७ म्हणून कायम आहे, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. तथापि उल्लंघनाबद्दल केवळ सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई सांगितली आहे, आणि अधिनियमातील ‘बालक’ सहा ते चौदा वयाचे असल्याने नववीच्या पुढचा बहुतेक विद्यार्थिवर्ग त्याबाहेर राहतो. सोलापुरात आणखी एक पेच आहे. मराठीबरोबर उर्दू, तेलुगू व कन्नड माध्यमांच्या शाळांची येथे जुनी परंपरा असून त्यांतील काही अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत. आणि प्रमती खटल्यात (६ मे २०१४) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षणहक्काचा हा अधिनियम अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असे ठरवले. त्यावरून कलम १७ देखील तेथे गळून पडते, असा अर्थ काही जण लावतात. परंतु संविधानाच्या अनुच्छेद २१ चे (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे) संरक्षण, तसेच बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ७५ मधील क्रूरतेचा अपराध शाळेच्या दर्जावर अवलंबून नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष फरक मर्यादितच मानावा. बाल न्याय अधिनियमाच्याच शारीरिक शिक्षेविषयीच्या कलम ८२ चा दाखला शाळांबाबत वारंवार दिला जातो, तो चुकीचा आहे. ते कलम बालगृहांसारख्या संस्थांपुरते आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) याने सर्वांत मोठा बदल घडवला. अपराधाची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांस कळवणे बंधनकारक आहे. हाताखालच्या कर्मचाऱ्याचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून ‘आधी आपण शाळेत चौकशी करू’ ही मुख्याध्यापकांची जुनी सवय आता कायद्याच्या विरोधात जाते.

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये तक्रारपेटी, १० मार्च २०२२ च्या निर्णयाने मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, आणि बदलापूर येथील शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने सीसीटीव्ही व कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी अनिवार्य केली. यांपैकी तक्रारपेटी सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित. ती मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगली की चिठ्ठी टाकणारे मूल कार्यालयातून सरळ दिसते. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या जिन्याखाली लावली तर वहीच्या कागदाची चौपदरी घडी निदान आत पडते. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी असलेल्या मुलास कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा आहे, हे पेटीवर स्पष्ट लिहिलेले बरे.

वाहतुकीसाठी २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. गळीत हंगामात रस्त्याकडेच्या शाळा सुटण्याच्या वेळी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, रिक्षा आणि सायकली फाटकाशी एकत्र येतात. लहान वर्ग दहा मिनिटे आधी सोडणे हा त्यावरील साधा उपाय होय. ऊसतोड कुटुंबांची मुले हंगामात मध्येच दाखल होतात वा निघून जातात, त्यामुळे मूल कोणाच्या हवाली करायचे याची यादी वर्षारंभी करून भागत नाही.

आषाढी वारीच्या काळात माळशिरस व पंढरपूर तालुक्यांतील अनेक शाळांत दिंड्यांचा मुक्काम असतो. वर्ग पुन्हा भरण्यापूर्वी उघड्या तारा, चुलींची राख व शौचालयांच्या कड्या तपासणे हे तेथील सुरक्षा आराखड्याचे स्वतंत्र कलम असावयास हवे.