ऐकून काढलेलं चित्र आणि जुळवून काढलेलं चित्र

हिमालयातला यती असो, अमेरिकेतला तसाच माणसासारखा केसाळ बिगफूट असो, नाहीतर आपल्या पेठ-सुरगाण्याच्या जंगलात कुणाला रात्री दिसलेलं ‘ते’ जनावर असो, त्याचं चित्र फिरायला लागलं की खाली ठरलेली ओळ येते: ‘प्रत्यक्षदर्शीच्या वर्णनावरून काढलेले रेखाचित्र’. बहुतेक वेळा ते तसं नसतंच. चित्रकाराने चार हकिगती, दोन ठसे आणि आधी पाहिलेली दहा चित्रं जुळवून ते उभं केलेलं असतं. मी नाशिकमध्ये चित्रं काढून पोट भरतो आणि बरीच वर्षं लोकांच्या अशा हकिगती कागदावर उतरवत आलो आहे. हा घोळ आमच्याच धंद्यातली माणसं घालतात तेव्हा मला मनापासून राग येतो.

जुळवून काढलेलं चित्र म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकातला डायनासोर हेच त्याचं उदाहरण. हाडं, ठसे, कातडीचा तुकडा, जवळच्या जातींची शरीररचना यांवरून स्नायू चढवायचे, वर कातडी चढवायची. आफ्रिकेतल्या कांगोच्या जंगलातला ओकापी हा प्राणी बाहेरच्या जगाला आधी असाच तुकड्यातुकड्याने कळला. ब्रिटिश अधिकारी हॅरी जॉन्स्टन यांनी पाठवलेल्या कातडीच्या पट्ट्यांवरून लंडनमधल्या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये त्याला घोड्याच्या वंशात घातलं. त्याच वर्षी कवट्या पोचल्या आणि तो जिराफाचा भाऊबंद निघाला. जॉन्स्टन स्वतः चित्रकार होते, त्यांनी त्याचं चित्रही रंगवलं. या कामातली चांगली गोष्ट अशी की अंदाज चुकला तरी उद्या एखादं हाड सापडतं आणि चित्र दुरुस्त होतं.

पेन्सिल की जलरंग, घाईत की निवांत, कच्चं की घोटलेलं, यावरून दोन प्रकार ओळखू नका. मी ऐकून काढलेली चित्रं पक्क्या शाईतही केली आहेत. ‘ऐकून काढलेलं म्हणजे जुळवून काढायच्या चित्राचा कच्चा खर्डा’ असं एका मित्राने मला समजावून सांगितलं होतं. तेही चूक. ही दोन कामंच वेगळी आहेत.

फरक आहे तो कोऱ्या जागेचा. जुळवून काढताना जागा कोरी ठेवून चालत नाही. जनावराला घोटा असणारच, तो माहीत नसेल तर अभ्यास करून बसवायचा. ऐकून काढताना तोच घोटा बसवला तर ते खोटं झालं, मग तो कितीही अचूक असो. कारण या चित्राचा विषय जनावर नसतो, सांगणाऱ्याची आठवण असते. तिला जिथे भोक आहे तिथे कागदालाही भोक हवं.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचे बाबा मला आठवतात. सत्तरीचे असतील. चांदण्या रात्री वावराकडे निघाले होते, नागलीच्या बांधावर काहीतरी उभं दिसलं. गावात तोवर ‘गाढवाएवढा राक्षस’ इथपर्यंत गोष्ट गेली होती. मी कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, “बाबा, पहिल्यांदा काय दिसलं?”

“पाठ. पुढून चढ, मागं उतार.”

मी एकच रेघ ओढली. त्यांनी ती बोटाने अजून तिरपी करायला लावली. “अजून काय?”

“मानेवरचे केस. उभे होते.”

“मग?”

“मग ते करवंदीच्या जाळीमागं गेलं.”

संपलं. तोंड नाही, पाय नाहीत. उतरती पाठ आणि उभी आयाळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तरस आलं होतं. बिथरलेलं तरस केस उभे करतं आणि आहे त्याहून बरंच मोठं दिसतं. त्याचं तोंड माझ्या हाताला पाठ आहे, पेन्सिल नुसती टेकवायचा अवकाश होता. नाही टेकवली. तरी सवयीने मागे एक झुपका काढून मोकळा झालो. बाबा कागदाकडे बघत म्हणाले, “ही शेपटी कुठून आली?” माझ्या हातातलं खोडरबर घेऊन त्यांनी ती स्वतः पुसली. त्या कागदावर अजूनही पुसल्याचा डाग आहे आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

उंची फुटात कधीही विचारू नका. रात्री घाबरलेला माणूस फूट मोजत नाही. सकाळी बाबांना ते उभे होते तिथेच उभं केलं आणि त्यांच्या बारा वर्षांच्या नातवाला बांधावर पाठवलं. पाठ पोराच्या कमरेपाशी आली. कागदावर दोन्ही लिहिलं: रात्रीचं ‘गाढवाएवढं’ आणि सकाळची कंबर. रंगाच्या रकान्यात ‘काळपट, चांदण्यात’ एवढंच. चांदण्यात आपल्या डोळ्याला रंग जवळपास कळतच नाहीत, त्यामुळे कुणी ‘तांबूस होतं’ म्हणालं तर आधी उजेड कसला होता ते विचारावं.

जे ठाम सांगितलं ते सलग रेघेत, ‘असावं’ म्हटलं ते तुटक रेघेत, दिसलं नाही तिथे काही नाही. जमलं तर पहिली पेन्सिल सांगणाऱ्याच्याच हातात द्यावी. आणि मोबाइलवर फोटो दाखवून ‘असं होतं का?’ हा प्रश्न तर विचारूच नये. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली होती. प्रश्नात ‘धडकल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ अशा धाटणीचं क्रियापद घातलं, तर लोकांच्या तोंडून गाड्यांचा वेग वाढला आणि आठवड्याने काहींना फिल्ममध्ये नसलेल्या फुटक्या काचाही आठवल्या. एका शब्दाने इतकं होतं, तर रंगवलेल्या चित्राने किती होईल?

बिगफूटच्याच गोष्टीत दोन्ही चित्रं शेजारी सापडतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये विल्यम रो याला १९५५ साली केसाळ मादी दिसली, असं त्याने १९५७ च्या प्रतिज्ञापत्रात सांगितलं. उंची सहा फूट, रुंदी तीन फूट. त्याच्या मुलीने त्याच्या सांगण्यावरून चित्र काढलं. हे ऐकून काढलेलं. पुढे रॉजर पॅटरसनने तीच हकिगत घेऊन स्वतः मादी रेखाटली आणि १९६६ मध्ये छापली. तो तिथे नव्हता, त्याने ती जुळवली. २० ऑक्टोबर १९६७ ला कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला त्याने बिगफूट चालताना दिसतो म्हणतात ती प्रसिद्ध फिल्म घेतली, तीत दिसते तीही मादीच. फिल्मबद्दल तुमचं मत काहीही असो, रोच्या मुलीचं चित्र आणि पॅटरसनचं चित्र ‘साक्षीदारांची चित्रं’ म्हणून एकाच पानावर लावणं मला मान्य नाही. पहिल्यात एका माणसाची आठवण आहे. दुसरं काढणारा तेच जनावर शोधत हिंडत होता.

भरलेली जागा किती टिकते तेही बघा. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्यावरून लिस्बनला पोचला. जर्मन चित्रकार ड्यूररने तो न बघता, एका पत्रावरून आणि कच्च्या चित्रावरून लाकडी ठशासाठी काढला, आणि खांद्यावर एक जादा शिंग बसवलं. युरोपातल्या पुस्तकांत ते शिंग पुढची दोन शतकं छापलं जात होतं.

बाबांचं चित्र मी एका बातमीवाल्यांना दिलं होतं, ‘आहे तसं छापा’ असं बजावून. त्यांनी कोऱ्या जागेत तोंड काढलं, सुळे काढले, डोळे लाल केले, आणि खाली तीच ओळ टाकली. माझं नावही ठेवलं. चार महिन्यांनी पुन्हा पाड्यावर गेलो. बाबांनी चहा ठेवायला सांगितला आणि आपणहून म्हणाले, “डोळे लाल होते त्याचे. निखाऱ्यासारखे.”

मी वाद घातला नाही. नवा कागद घेतला, डोळे काढले, नवी तारीख टाकली आणि खाली लिहिलं: ‘मधल्या काळात छापील चित्र पाहिले आहे.’ पाठीच्या त्या एका रेघेचा कागद वर ठेवला आणि हा त्याच्या मागे टाचून दिला.