इनहेलर शिकवणाऱ्याला कोण शिकवतं?

मेडिकलच्या काउंटरवर दम्याचा पेशंट इनहेलर घेतो, पैसे देतो आणि निघतो. तो यंत्र कसं धरणार, श्वास कधी सोडणार, हे पुष्कळदा कुणी पाहतच नाही. खरं तर औषध फुफ्फुसात पोचणार की घशात चिकटणार, हे त्या दोन-चार क्षणांतच ठरतं. पावडरीच्या इनहेलरमध्ये औषध पुढे ढकलणारा गॅस नसतो. पेशंटने जोरात, खोल श्वास ओढला तरच पावडर मोकळी होऊन आत जाते. ओढ कमी पडली की ती तोंडात राहते. यंत्रातच श्वास सोडला तर बाष्पाने ओलसर होते. गॅसच्या पंपाचं मात्र उलट आहे, त्याला सावकाश ओढलेला श्वास लागतो. म्हणून पंपाची सवय असलेला माणूस पावडरीचं यंत्र हातात आल्यावर चुकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

हे सगळं फार्मासिस्टने दाखवावं, अशी अपेक्षा. पण फार्मासिस्टला तरी ते येतं का?

हा प्रश्न सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी सरळ विचारला. त्यांच्यापैकी इमान बशेती यांच्या शोधनिबंधांची यादी मला फार मोलाची वाटते. औषधशास्त्राच्या शिक्षणावर संशोधन म्हणजे काय, हे ती वाचताना समजतं. फार्मासिस्टच्या हातात टर्ब्युहेलर, डिस्कस अशी पावडरीची यंत्रं देऊन ‘वापरून दाखवा’ म्हटलं, तेव्हा प्रशिक्षणाआधी फार थोड्यांना सगळ्या पायऱ्या बिनचूक जमल्या. माहितीपत्रक त्यांनी वाचलेलं असणार, पण हाताला सवय नव्हती.

मग त्यांना करून दाखवून शिकवलं आणि त्यांनी पेशंटना शिकवलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसलं, की फार्मासिस्टच्या अशा साध्या शिकवणीने पेशंटचं तंत्र तर सुधारलंच, दमाही अधिक आटोक्यात आला. पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला: शिकलेलं टिकतं का? २००९ साली आलेल्या निबंधात, प्रशिक्षणानंतर दोन वर्षांनी त्याच फार्मासिस्टची पुन्हा तपासणी होती. प्रशिक्षणानंतर जे पेशंटना शिकवण्याच्या कामात सहभागी होते, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात ते कौशल्य शाबूत होतं.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवता येणं, आणि रोजच्या कामात खरोखर करणं. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपते. म्हणून अशा संशोधकाची यादी हातात आली की मी निबंध मोजत बसत नाही. त्यातला कुठला निबंध चौथ्या पायरीपर्यंत गेला, ते पाहते. ‘विद्यार्थ्यांना तास आवडला’ एवढंच सांगणारे निबंध या क्षेत्रात पुष्कळ निघतात. तेही लागतात, पण तेवढ्याने पेशंटच्या श्वासात काय फरक पडला ते कळत नाही.

संशोधकाच्या पदोन्नतीच्या वेळी मात्र बहुधा एच-इंडेक्स नावाचा आकडा पाहिला जातो. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ साली सुचवला. एखाद्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा इतरांच्या निबंधांत संदर्भ दिला गेला असेल, पण अकरा निबंधांचा प्रत्येकी अकरा वेळा दिला गेला नसेल, तर त्याचा आकडा दहा. सोपं आहे, पण कर्करोगावरच्या निबंधाला जेवढे वाचक मिळतात तेवढे औषधशास्त्र शिकवण्यावरच्या निबंधाला मिळत नाहीत. दोन्हींना एकाच तागडीत घालणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे डी.फार्म. या औषधशास्त्राच्या पदविकेनंतर किमान ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला सल्ला देणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून नोंदलेलं आहे. त्या तासांत रोटाहेलर, म्हणजे आपल्याकडचा कॅप्सूल घालून वापरायचा पावडरीचा इनहेलर, किती वेळा हातात येतो, आणि तो वापरून दाखवताना कुणी चूक दाखवतं का, हे विचारायला हवं. असं संशोधन आपल्या कॉलेजांतून, मराठी बोलणाऱ्या पेशंटबरोबर, भरपूर व्हावं असं मला मनापासून वाटतं.

बशेती पुढे जॉर्डनमध्ये, अम्मानच्या विद्यापीठात गेल्या, तरी हा धागा त्यांनी सोडला नाही. शिकवलेलं पेशंट हळूहळू विसरतो, म्हणून इनहेलरवरच एक चिठ्ठी चिकटवायची आणि त्याच्या चुकणाऱ्या पायऱ्या तीवर ठळक करायच्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सगळ्या पेशंटना सारखंच शिकवलं होतं, चिठ्ठी मात्र निम्म्यांनाच दिली होती. चिठ्ठीवाल्यांचं तंत्र जास्त टिकलं. गोळ्यांच्या पाकिटावर ‘सकाळी १, रात्री १’ असं पेनने लिहून देणारे मेडिकलवाले आपल्याकडे गावोगाव आहेत. त्याच पेनने इनहेलरच्या खोक्यावर ‘आधी श्वास बाहेर सोडा, यंत्रात नको’ एवढं लिहायला अर्धा मिनिटही लागणार नाही.