पार्श्वभूमी : फळीवरचा निळा डाग आणि कॅर्कोलाचं पाणी

पाइनच्या ओल्या फळ्या नुसत्या रचून ठेवल्या की थोड्याच दिवसांत त्यांवर निळसर-काळी झाक चढते. ही बुरशी. तिने लाकडाची ताकद फारशी कमी होत नाही, पण फळी डागाळलेली दिसते आणि भाव पडतो. फिनलंडमधल्या कॅर्कोलाचं पाणी नासलं ते या भावापायी.

हेलसिंकीच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवरच्या या गावातल्या आरागिरणीत १९४०च्या दशकापासून १९८४पर्यंत ही बुरशी रोखण्यासाठी ‘केवाय-५’ नावाचं द्रावण वापरात होतं. त्यात मुख्यतः टेट्राक्लोरोफेनॉल, जोडीला ट्रायक्लोरोफेनॉल आणि थोडं पेंटाक्लोरोफेनॉल; ही सारी क्लोरोफेनॉलं, म्हणजे क्लोरीन असलेली बुरशीनाशक रसायनं. असल्या द्रावणाच्या हौदात फळ्या बुडवायच्या, बाहेर काढून निथळत ठेवायच्या, ही तेव्हाची सर्रास रीत. निथळलेलं जायचं कुठे? जमिनीत. आणि कॅर्कोलाखाली आहे हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू नि गोटे. पाणी जितक्या पटकन मुरतं, तितकंच त्यात विरघळलेलंही. गावाचं पिण्याचं पाणी याच वाळूतून उपसलं जाई.

१९८७ साली हे उघडकीला आलं, तेव्हा हौद बंद होऊन तीन वर्षं झाली होती. नळाच्या पाण्यात लिटरमागे ७० ते १४० मायक्रोग्रॅम क्लोरोफेनॉलं निघाली. एकट्या पेंटाक्लोरोफेनॉलसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ९ आहे, यावरून अंदाज यावा. तो उपसा बंद करण्यात आला.

लोकांनी आधी जे पाणी प्यायलं, त्याच्या परिणामाचा हिशेब लावता आला तो फिनलंडच्या कॅन्सर नोंदवहीमुळे. १९५३पासून देशभरातल्या रुग्णांची नोंद तिच्यात आहे. १९९२च्या अभ्यासात कॅर्कोलात नॉन-हॉजकिन लिम्फोमा या लसिका पेशींच्या कॅन्सरचं प्रमाण जवळपास तिप्पट दिसलं. मऊ ऊतींचा सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा ऊतींचा कॅन्सरही जास्त आढळला. रुग्णांची संख्या लहान, म्हणून निष्कर्ष जपूनच वाचावा लागतो. तरी जवळच्या दूषित तळ्यातले मासे खाणाऱ्यांतही लिम्फोमा जास्त निघावा, हे सहज सोडून देण्यासारखं नाही. २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पेंटाक्लोरोफेनॉल माणसात कॅन्सर घडवतं असं ठरवलं, तेही याच लिम्फोमाच्या पुराव्यावर. भारतात त्यावर १९९१पासूनच बंदी आहे.

कॅर्कोलात १९९५पासून हे भूजल उपसून जिवाणूंच्या टाकीतून फिरवलं जाऊ लागलं. क्लोरोफेनॉलंच खाऊन जगणारे हे जिवाणू तिथल्या थंडगार पाण्यातही नेटाने काम करतात.