महाराष्ट्रात घरमालकाने बेकायदा भाडेवाढ केली तर दाद कशी मागायची?

भाडेवाढीची नोटीस हातात पडली की अनेक भाडेकरू चिडून भाडे देणेच बंद करतात. कृपया असे करू नका. वाढ बेकायदा असली तरी जुने, मान्य असलेले भाडे थकले की घर खाली करून घ्यायला घरमालकाला आयते कारण मिळते. वाद फक्त वाढीव रकमेचा आहे, तो तेवढाच राहू द्या.

आधी आपण नक्की कोणत्या प्रकारचे भाडेकरू आहोत ते तपासा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. चाळीत, पागडीच्या खोलीत किंवा जुन्या इमारतीत भाडेपावतीवर राहणाऱ्यांना त्यातले प्रमाण भाड्याचे (स्टँडर्ड रेंट), म्हणजे कायद्याने ठरणाऱ्या भाड्याचे, संरक्षण मिळते. बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना ते नाही.

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारावर, राहत असाल तर करारात लिहिलेली रक्कमच चालते. मुदतीच्या मध्येच घरमालक मनाने आकडा बदलू शकत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत तुमचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोडून काढायचे काम घरमालकाचे. मात्र मुदत संपल्यावर राहू नका, दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

पावतीवरच्या भाडेकरूसाठी कायदेशीर वाढ किती? वर्षाला ४ टक्के. भाडे ५०० रुपये असेल तर वर्षाला २० रुपये. ‘बाजारभावाने दोन हजार द्या’ या मागणीला कायद्यात जागा नाही. इमारतीत सुधारणा केल्याबद्दल वेगळी वाढ मागता येते, पण त्याला ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते आणि ती वाढ वर्षाला खर्चाच्या १५ टक्क्यांच्या आतच हवी. मालमत्ता कर वाढला असेल तर त्या वाढीचा तुमचा हिस्सा घरमालक मागू शकतो. अशा वेळी कराचे बिल दाखवायला सांगा.

नोटीस आली की तिला लेखी उत्तर द्या, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. घरमालक जुने भाडे घ्यायला नकार देत असेल तर ते बँकेतून त्याच्या खात्यावर भरा किंवा चेक पोस्टाने पाठवा. चेक परत आला तर पाकीट फोडू नका; त्यावरचा ‘घेण्यास नकार’ हा पोस्टाचा शेरा कोर्टात मोलाचा ठरतो. थकबाकीच्या मागणीची नोटीस असेल तर ९० दिवस पूर्ण होईपर्यंत घरमालकाला त्या कारणावरून दावा लावता येत नाही. हे दिवस वाया घालवू नका.

घरमालक तरीही ऐकत नसेल तर न्यायालयात अर्ज करा. तो प्रमाण भाडे ठरवून मिळावे म्हणून याच कायद्याच्या कलम ८ खाली करायचा. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्ट) जातो. इतरत्र लघुवाद न्यायालय असेल तर तिथे, नाहीतर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. निकाल लागेपर्यंत किती रक्कम भरायची हे न्यायालय सांगू शकते. ती वेळेवर भरा, नाहीतर अर्जच फेटाळला जाण्याची भीती असते. निकाल विरुद्ध गेला तर पुढचा मार्ग लगेच वकिलाला विचारा.

कागदांत सर्वात महत्त्वाच्या जुन्या भाडेपावत्या. प्रमाण भाडे ठरवताना १ ऑक्टोबर १९८७ ही तारीख पाहिली जाते, त्यामुळे त्या सुमाराची पावती सापडली तर तिची नीट प्रत काढून ठेवा. त्याशिवाय घरमालकाची नोटीस पाकिटासह, तुमचे उत्तर, भाडे भरल्याच्या बँकेच्या नोंदी, विजेचे बिल, रेशनकार्ड आणि आधार लागतील. पावती वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला आणि त्या वेळी तुम्ही त्यांच्यासोबत राहत होता याचा पुरावा जोडा. अनेक प्रकरणे इथेच अडतात. घेतलेल्या रकमेची पावती देणे घरमालकाला बंधनकारक आहे, तेव्हा ती दर महिन्याला मागा.

अर्ज केल्यावर पाणी, वीज किंवा जिन्यातले दिवे तोडले तर कलम २९ खाली ते पुन्हा सुरू करून घेण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.