हरित इमारतींचे कमिशनिंग : भूमिका आणि नियोजन दस्तऐवजांची पार्श्वभूमी

इमारत ताब्यात घेण्यापूर्वी तिच्या यंत्रणा चालवून, तपासून पाहण्याची, म्हणजेच कमिशनिंगची, पद्धत जुनीच आहे. मात्र ही तपासणी बराच काळ बांधकामाच्या अखेरीस उरकली जात असे. हवा आणि पाण्याचा प्रवाह जुळवला, पंखे व पंप सुरू झाले, की काम पूर्ण झाल्याचे मानले जाई. 1970च्या दशकातील तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवण्यासाठी नियंत्रण यंत्रणा गुंतागुंतीच्या होत गेल्या, तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल आणि त्याच वेळी हवा तापवणारी कॉइलही चालू असेल, तरी खोलीचे तापमान अपेक्षेप्रमाणेच राहते. दोष कोणाच्याही लक्षात येत नाही आणि ऊर्जा मात्र दोन्हीकडून वाया जाते.

अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅशरे’ या संस्थेने 1984 मध्ये यासाठी समिती नेमली आणि 1989 मध्ये पहिली मार्गदर्शिका काढली. तिचा आवाका वातानुकूलनापुरता होता. कमिशनिंग हरित इमारतींच्या चौकटीत ठामपणे आले ते ‘लीड’ या हरित इमारतींना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी पद्धतीमुळे. 2000 साली आलेल्या लीडच्या दुसऱ्या आवृत्तीत मूलभूत कमिशनिंग ही पूर्वअट होती, म्हणजे त्यावाचून प्रमाणपत्रच मिळत नसे.

खरा बदल 2005 मध्ये झाला, असे मला वाटते. तोवर प्रकल्पाच्या मुळाशी डिझाइनचा उद्देश सांगणारा दस्तऐवज असे, आणि व्यवहारात तो बहुधा डिझाइन करणाऱ्यांच्याच हातून लिहिला जाई. परिणामी आराखड्याची पडताळणी आराखडा काढणाऱ्याच्याच शब्दांशी होत असे. त्या वर्षीची अ‍ॅशरेची ‘गाइडलाइन झिरो’ आणि लीडची 2.2 ही आवृत्ती यांनी ही जबाबदारी स्पष्टपणे विभागली: मालकाने आपल्या गरजा ‘ओनर्स प्रोजेक्ट रिक्वायरमेंट्स’मध्ये मांडायच्या, डिझाइन चमूने त्या कशा भागवणार हे ‘बेसिस ऑफ डिझाइन’मध्ये सांगायचे आणि कमिशनिंग ऑथॉरिटीने, म्हणजे ही पडताळणी सांभाळणाऱ्या व्यक्तीने, दोन्ही ताडून पाहायचे. सभागृह भरलेले असताना आर्द्रता किती चालेल, हे पहिल्या दस्तऐवजात येते. त्यासाठी बाहेरची हवा किती घ्यायची आणि कोणती कॉइल निवडायची, हे दुसऱ्यात. कमिशनिंग प्लॅन या दोहोंवर उभा राहतो: कोणत्या यंत्रणा तपासायच्या, चाचणी कोण करणार, कोण साक्षीला असणार आणि सापडलेल्या त्रुटींचा पाठपुरावा कसा होणार, हे त्यात ठरते. पहिला दस्तऐवज मोघम असेल, तर चाचणीत उत्तीर्ण कशाला म्हणायचे हेच सांगता येत नाही. म्हणूनच प्रमाणपत्राच्या फायलीसाठी तो मागाहून लिहून काढण्याची सवय मला फार घातक वाटते.

ऑथॉरिटीच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही याच ओघात आला. लीड 2009 मध्ये 50,000 चौरस फुटांपेक्षा लहान प्रकल्पांत डिझाइन किंवा बांधकाम चमूतील अनुभवी व्यक्तीला ही भूमिका घेता येत असे. त्यापुढे ती व्यक्ती त्या कामापासून वेगळी असावी लागे. निष्कर्ष थेट मालकाला कळवण्याची अट मात्र सर्वांनाच होती.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 2009 मध्ये कमिशनिंग झालेल्या 643 इमारतींचा आढावा घेतला. त्यात जुन्या इमारतींमधील ऊर्जाबचतीचा मध्यक 16 टक्के आणि नव्यांमधील 13 टक्के निघाला.

2013च्या लीड चौथ्या आवृत्तीने ऑथॉरिटीची नेमणूक डिझाइन विकासाचा टप्पा संपण्याआधीच करण्याची अट घातली आणि चालू गरजांचा दस्तऐवज व देखभाल योजना पूर्वअटीत आणली, त्यामुळे इमारत चालवणारे कर्मचारीही या दस्तऐवजांचे थेट वापरकर्ते झाले. पूर्वअटीच्या पुढे जाणाऱ्या, ऐच्छिक अशा वाढीव कमिशनिंगमध्ये काम संपल्यानंतर दहा महिन्यांनी कामकाजाचा फेरआढावा घ्यायचा असतो आणि ऋतूनुसार करायच्या चाचण्याही पार पाडायच्या असतात, कारण उन्हाळ्यात सुरू झालेल्या इमारतीची तापन यंत्रणा थंडी येईपर्यंत खऱ्या भाराखाली तपासताच येत नाही.