धिरडी झटपट, खिचडी सोपी

"रात्रीसाठी काहीतरी सोपं सांगा, मुलं खातील असं" असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "धिरडी कर की, दहा मिनिटांत होतात." दुसरं उत्तर डोसे, तिसरं थालीपीठ. विचारणारी साडेसातला पीठ कालवते आणि पावणेनऊला ओट्यापाशीच उभी राहून शेवटचं, जरा करपलेलं धिरडं खाते. सांगणाऱ्याने थाप मारलेली नसते, एक धिरडं खरंच तीन मिनिटांत होतं. पण बिचारीने मागितलं होतं सोपं आणि तिच्या हातात पडलं झटपट.

कामाच्या दिवशी आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. मी घरी पोचतो सात वाजता, बायको नऊनंतर. मधल्या दोन तासांत एक सहा वर्षांचा आणि एक नऊ वर्षांची जेवली पाहिजेत, एकाचा गृहपाठ झाला पाहिजे आणि एकीच्या केसांतला गुंता सुटला पाहिजे. या दोन शब्दांतला फरक मला त्या दोन तासांनी शिकवला. तरी लोक ते एकमेकांच्या जागी वापरतात, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

झटपटबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांना येतं. पोहे, उपमा, अंडाबुर्जी, फोडणीचा भात, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा. घड्याळ लावलं तर पंधरा-वीस मिनिटं.

सोप्याचं मोजमाप वेगळं आहे. पदार्थाला किती वेळ लागतो हे त्यात गौण. तुम्ही किती वेळ त्याच्यापाशी उभं राहायचं, हे महत्त्वाचं. बहुतेक लोक इथेच चुकतात, कारण कृतीवर लिहिलेलं असतं 'एकूण वेळ ३५ मिनिटं', आणि त्यातली तुमची किती आणि गॅसची किती हे कुणीच लिहीत नाही.

हिशेबच करू. घरात चार माणसं. मोठी दोघं तीन-तीन धिरडी खातात, मुलं दोन-दोन. म्हणजे दहा. पीठ पसरायचं, झाकण ठेवायचं, कडेने तेल सोडायचं, उलटायचं, काढायचं, सगळं धरून एकाला साडेतीन मिनिटं. झाली ३५ मिनिटं. या ३५ मिनिटांत तुम्हाला कुठेही जाता येत नाही. दाराची बेल वाजली तर गॅस बारीक करून पळायचं, परत येईपर्यंत धिरड्याचा पापड झालेला.

आता मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. डाळ-तांदूळ धुवायचे, कुकरमध्येच तुपाची नाहीतर तेलाची फोडणी, जिरं, हिंग, हळद, भाजी असेल तर ती, डाळ-तांदूळ, पाणी, मीठ, झाकण. रमतगमत केलं तरी दहा मिनिटं. पुढची दहा-बारा मिनिटं कुकर गॅसवर, त्यापुढची दहा-पंधरा गॅस बंद करून वाफ जिरायला. बेरीज बघा, पुन्हा ३५ मिनिटंच! पण धिरड्यांत ३५ च्या ३५ मिनिटं तुमची गेली. खिचडीत दहा गेली, आणि पंचवीस मिनिटांत गृहपाठ झाला, गुंता सुटला, वर चहाही झाला.

अजून एक गोष्ट. आयत्या वेळी वरच्या मजल्यावरची मैत्रीण "मी पण इथेच जेवू का काका?" म्हणून बसली, तर धिरड्यांच्या दिवशी माझी सात मिनिटं वाढतात. खिचडी शिजायला टाकायची असेल तर मूठभर तांदूळ आणि वाटीभर पाणी वाढतं, वेळ तोच. म्हणून मी पदार्थांची विभागणी 'एकेक होणारे' आणि 'एकदम होणारे' अशी करतो. पोळी, धिरडं, डोसा, थालीपीठ, घावन, पराठा हे एकेक होणारे. खिचडी, मसालेभात, वरणभात, पिठलं, विदर्भातला गोळाभात हे एकदम होणारे. एकेक होणाऱ्यांत माणसागणिक कष्ट वाढतात, आणि करणारा सगळ्यांबरोबर जेवायला बसूच शकत नाही. आमच्या लहानपणी घावनांच्या दिवशी आई शेवटी जेवायची. आम्हाला वाटायचं, तिला तसंच आवडतं.

पटत नसेल तर फ्रिजमधलं विकतचं इडलीचं पीठ काढा. त्याच पिठाचे डोसे केले की झटपट, इडल्या केल्या की सोपं. डोसा दोन-तीन मिनिटांत ताटात, पण तुम्ही तव्याला बांधलेले. इडल्या बारा-पंधरा मिनिटं वाफवायच्या, पण सोळाच्या सोळा एकदम आणि तुम्ही मोकळे. पीठ तेच, खाणारी मुलं तीच, संध्याकाळ मात्र निराळी.

इथे कुणीतरी म्हणेल, "आणि ते इडलीपात्र कोण घासणार?" बरोबर आहे. त्या सोळा खळग्यांतून चिकटलेली इडली काढणं हे माझ्या मते स्वयंपाकघरातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. त्यामुळे कामाच्या दिवशी मी इडलीपात्र काढतच नाही. कुकरच्या पसरट डब्याला तेल लावून पीठ त्यातच ओततो, शिट्टी न लावता पंधरा-वीस मिनिटं वाफवतो, जरा निवलं की सुरीने वड्या पाडतो. चौकोनी इडली म्हणून धाकटा दोन जास्त खातो.

आप्पेपात्राबद्दल तर बोलायलाच नको. मुलांना आवडतात म्हणून आप्पे 'सोप्या'च्या यादीत घालणाऱ्यांनी ते रात्री साडेआठला कधी केले नसावेत. सात खळगे, सातांत सात वेळा तेल, सात वेळा टोचून उलटणं, आणि सात आप्प्यांत एका मुलाचंसुद्धा भागत नाही. रविवारी सकाळी मजेने करा.

भांड्यांचंही असंच. 'कमी भांडी' म्हणजे लोक भांडी मोजतात. मी मोजत नाही. विसळायची भांडी आणि घासायची भांडी हा खरा फरक. कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे असे तीन डबे लावले तर भांडी दिसतात पाच, पण भाताचा डबा भिजवला की हातानेच निघतो, बटाट्याचा तर नुसता विसळायचा. उलट 'फक्त दोन भांडी' म्हणून मिरवणाऱ्या कृतीत एक मिक्सरचं भांडं असतं आणि एक किसणी. मिक्सरच्या पात्याखाली अडकलेलं आलं आणि किसणीच्या दातांत रुतलेलं गाजर काढायला जितका वेळ लागतो, तितक्यात तीन डबे लख्ख होतात. (कुकरच्या तळातल्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाका, ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडत नाही. आपल्या आज्या हे करत आल्या आहेत, तरी दर पिढीत कुणीतरी तारेची घासणी घेऊन बसलेलं दिसतंच.)

त्यावरून आठवलं. मुलांना कळू नये म्हणून भाज्या किसून घाला, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. एक म्हणजे किसणी. दुसरं म्हणजे मुलांना कळतंच. लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी घाला. कुकरमधून निघाल्यावर डावाने दाबल्या की त्या आपोआप खिचडीत मिसळतात, रंग छान येतो आणि घासायला काही नाही. गाजराचेही मोठे तुकडेच ठेवा. ज्याला नको तो बाजूला काढेल, पण निदान भांडण दोन तुकड्यांवर मिटेल.

'एकाच भांड्यात होणारे पदार्थ' हे तिसरं फसवं लेबल. वरणफळं, म्हणजे काहींच्या चकोल्या, या यादीत नेहमी असतात. शिजतात एका पातेल्यात, मान्य. पण त्याआधी डाळ कुकरला, कणकेची परात, पोळपाट, लाटणं, कापायला सुरी, आणि ओट्यावर सांडलेलं पीठ. मला वरणफळं अतिशय आवडतात, वरून तूप आणि शेजारी भाजलेला पापड असेल तर विचारूच नका. पण त्यांना सोपं म्हणू नका. सकाळच्या पोळ्यांची कणीक मुद्दाम जास्त भिजवून फ्रिजमध्ये ठेवली असेल आणि वरणही सकाळचंच असेल, तर गोष्ट वेगळी.

दोन्हीत बसणारे पदार्थ आहेत का? थोडे आहेत. पिठलं पहिलं. दहा मिनिटांत होतं, एकदम होतं, आणि कढईच्या बुडाची खरवड खायला घरात भांडणं होतात, म्हणजे अर्धी घासणी तिथेच झाली. पोहेही बसतात, कांदा चिरायचा कंटाळा नसेल तर. उपमा बसतो, पण रवा आधी भाजून डब्यात भरून ठेवला असेल तरच, नाहीतर त्या भाजण्यापाशी पुन्हा उभं राहणं आलंच. थालीपीठ धिरड्याहून जरा बरं, कारण मंद आचेवर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं त्याच्याकडे बघावं लागत नाही आणि दोन तवे लावता येतात. तरी ते एकेक होणाऱ्यांतलंच.

मुलांसाठी वेगळं आणि मोठ्यांसाठी वेगळं करणाऱ्यांना काय म्हणावं कळत नाही. घर एक आणि रात्री दोन स्वयंपाक! तिखट शिजताना घालायचं सोडा, भांडण संपतं. मऊ खिचडी सगळ्यांना एकच. मुलांच्या ताटात तूप आणि मेतकूट, मोठ्यांच्या ताटात वरून लसूण आणि सुक्या मिरचीची कडकडीत फोडणी, ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी. फोडणीचं कढलं नुसतं पुसून घ्यावं लागतं, ते मी घासायच्या भांड्यांत धरत नाही. आणि कृपा करून कुकरमधली खिचडी काचेच्या सुंदर भांड्यात काढून टेबलावर आणू नका. कुकरच आणा, खाली जाड फडकं घाला. मुलांना त्या भांड्याचं काही पडलेलं नसतं, आणि ते घासणाऱ्याला फार पडलेलं असतं.

आता ज्यांना हे सगळं पटतं आणि तरी खिचडीचा वैताग येतो, त्यांच्यासाठी. अशांचं बहुतेक वेळा एकच चुकतं. ते सोपा पदार्थ झटपटच्या घाईने करतात. गॅस पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठा, शिट्टीतून पिवळं पाणी उडून ओटाभर, आणि शेवटी चिमट्याने शिट्टी उचलून वाफ काढणं. मग ओटा पुसा, शेगडी पुसा, शिट्टीच्या भोकात अडकलेली डाळ काडीने काढा. वाचवलेली दहा मिनिटं तिथेच गेली, वर डाळही जराशी कच्ची, कारण गॅस बंद झाल्यावरही कुकर आतून बराच वेळ शिजवत असतो. दाब असताना आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास असतं. ती वाफ म्हणजे फुकटचा गॅस, तो उडवून द्यायचा कशाला?

माझं प्रमाण असं. पाच लिटरच्या कुकरला दीड वाटी तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, साडेसात वाट्या पाणी, म्हणजे एकूण डाळ-तांदळाच्या तिप्पट. वाटी आमटीची, दीडशे मिलिलिटरची. कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, कारण डाळ फेसाळते आणि तांदूळ फुगतात. चमचाभर तूप फोडणीत असलं की फेस कमी येतो. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, मग सात-आठ मिनिटं. टोमॅटो घालायचा असेल तर थोडाच, आंबटपणाने डाळ शिजायला वेळ घेते. लिंबू ताटात पिळा. तूरडाळ वापरायचा हट्ट असेल तर ती सकाळीच भिजवून ठेवायला हवी. मूग न भिजवता शिजतो, म्हणून तर तो रात्रीचा. डाळ-तांदूळ मी महिन्याचे एकदमच तीनास दोन प्रमाणात मिसळून डब्यात भरतो, रोज दोन डबे उघडायला नकोत.

झाकण उघडल्यावर खिचडी पातळ दिसते. घाबरू नका, पाच मिनिटांत आळते. मुलांना वाढेपर्यंत घट्ट झाली तर कढत पाणी घालून ढवळा, गार पाणी घातलंत तर चव पाणचट लागते.

धिरडी आमच्याकडे शुक्रवारी होतात. त्या दिवशी बायको लवकर येते, दोन तवे लागतात, ती पसरते आणि मी उलटतो. इतर दिवशी शेवटचा डाव वाढला की कुकरमध्ये लगेच पाणी ओतून ठेवतो. बुडाला चिकटलेला भात एकदा वाळला की तासभर भिजवावा लागतो, ओला असताना मात्र हातानेच सुटतो.